गोठलेल्या दिवसांतील पाखरे

महाराष्ट्रातील थंडी बहुधा सुखाची असते. पौषातल्या पहाटे अंगणात शेकोटी पेटते, रानात हुरडा भाजला जातो, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, तर त्याची बातमी वर्तमानपत्रांत छापून येते. अशा थंडीने माणसाला हुडहुडी भरते. परंतु झाडावरच्या पाखराच्या जिवावर सहसा बेतत नाही. ऊन वर आले की किडे हालचाल करू लागतात, शेतात कणसे डोलत असतात, ओढ्याचे पाणी वाहतच असते. म्हणूनच उत्तरेकडील थंड प्रदेशांतून हजारो पक्षी हिवाळ्यापुरते आश्रयाला इकडे येतात. पण सगळेच पक्षी काही दूरचा प्रवास करीत नाहीत. कित्येक लहान पाखरे आपला मुलूख न सोडता बर्फातच राहतात. ती तेथे जगतात कशी?

इंग्लंडचेच उदाहरण घेऊ. डिसेंबरच्या अखेरीस लंडन शहरी दिवसाचा उजेड जेमतेम आठ तास टिकतो आणि रात्र सोळा तासांची होते. (मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो.) तेथे ब्लू टिट नावाचा एक चिमुकला पक्षी आहे. आपल्याकडे ज्याला वल्गुली म्हणतात, त्याच्याच कुळातला हा पक्षी. निळी टोपी, पिवळे पोट, आणि वजन म्हणाल तर जेमतेम एक तोळा. गोल्डक्रेस्ट नावाचा पक्षी याहूनही लहान. तो अर्ध्या तोळ्याचाच. एवढ्याशा देहात ऊब साठवून ठेवणे फार कठीण असते. मोठ्या घागरीतले गरम पाणी बराच वेळ गरम राहते, वाटीतले मात्र पाहता पाहता निवते. तसाच हा प्रकार आहे. त्यातून पाखराचे शरीर माणसाच्या शरीरापेक्षा अधिक उष्ण असते. बाहेर बर्फ पडत असतानाही त्याला आपल्या अंगची उष्णता सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस राखावी लागते.

ही उष्णता येते कोठून? केवळ अन्नातून. आठ तासांच्या उजेडात जे काही पोटात जाईल, त्यावर सोळा तासांची रात्र काढायची, असा हा हिशेब आहे. सायंकाळपर्यंत ब्लू टिट आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी चरबी अंगावर चढवतो आणि पहाटेपर्यंत ती जवळजवळ सारी जाळून टाकतो. उजाडले की पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ! श्रीमंताप्रमाणे शिल्लक ठेवण्याची सोय त्याला नाही; फार चरबी साठवली, तर अंग जड होते आणि झडप घालणाऱ्या ससाण्याच्या तावडीतून निसटणे अवघड जाते. एखादा दिवस वादळाने वाया गेला, तर त्या रात्रीची बेगमी होत नाही. सकाळी फांदीखाली बर्फात पडलेले पाखरू आढळते, ते याच कारणाने. पुष्कळांना वाटते की ते गारठून मेले. खरे पाहता बहुधा ते उपाशी मेलेले असते.

निसर्गाने पाखरांना काही युक्त्या मात्र दिल्या आहेत. थंडी वाढली की पक्षी पिसे फुलवून चेंडूसारखा गोल दिसू लागतो. पिसांच्या मध्ये अडकलेली हवा रजईतल्या कापसाचे काम करते. चोच आणि एक पाय तो पिसांत खुपसून बसतो. त्याच्या उघड्या, काटकीसारख्या पायांकडे पाहून नवल वाटते, की हे बर्फाला चिकटून गोठत कसे नाहीत! त्यामागे एक सुंदर योजना आहे. पायाकडे जाणारे उष्ण रक्त आणि पायाकडून परत येणारे थंड रक्त अगदी शेजारशेजारच्या वाहिन्यांतून वाहते. जाता जाता उष्ण रक्त आपली ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे पाय थंडच राहतात, पण गोठण्याइतके नव्हेत. आणि पोटातली ऊब पायावाटे फुकट जात नाही.

उत्तर अमेरिकेतील चिकडी नावाचा पक्षी याही पुढे गेला आहे. हाही वल्गुलीच्याच कुळातला. शरद ऋतूत तो एकेक बी सालीच्या फटीत, पानांच्या गुंत्यात, शेवाळाखाली लपवून ठेवतो आणि हिवाळ्यात त्या असंख्य जागा आठवून बी शोधून काढतो. कडक थंडीच्या रात्री तो आपल्या शरीराचे तापमान दहा-बारा अंशांनी उतरवतो. दिवा मंद केला की तेल पुरवठ्यास येते, तसेच हे म्हणायचे. सकाळी अंग थरथरवून तो ते पुन्हा पूर्ववत करतो आणि दाण्याच्या शोधात निघतो.

या साऱ्या युक्त्यांचीही एक सीमा असते. ती किती जवळ आहे, हे इंग्लंडने १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाहिले. २६ डिसेंबर १९६२ रोजी बर्फ पडू लागला. २९ आणि ३० तारखेला हिमवादळ झाले, आणि नैर्ऋत्येकडील काही भागांत बर्फाचे ढीग वीस-वीस फूट उंच साचले. असा बर्फ तेथे एरवी आठवडाभरात वितळून जातो. या खेपेस तो गेलाच नाही. १९६३ चा जानेवारी हा मध्य इंग्लंडात विसाव्या शतकातील सर्वांत थंड महिना ठरला. त्या महिन्याचे सरासरी तापमान शून्याखाली दोन अंश होते. नद्या गोठल्या, तळी गोठली; केंट परगण्यात हर्न बे या गावाजवळ तर समुद्राचे पाणीही किनाऱ्यापासून दूरवर गोठून गेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ही स्थिती राहिली.

पाखरांच्या दृष्टीने हे अडीच महिने म्हणजे एक दीर्घ दुष्काळच होता. खंड्या पक्ष्याची दशा सर्वांत वाईट झाली. महाराष्ट्रातील ओढ्याकाठी निळी झळक देत सुळकन निघून जाणारा जो छोटा खंड्या, त्याच जातीचा पक्षी इंग्लंडच्या नद्यांवरही राहतो. पाण्यावर काचेसारखा टणक थर जमल्यावर त्याने मासा पकडावा कसा? मासा खाली दिसतो आहे आणि चोच आपटते आहे बर्फावर! काही खंड्ये समुद्रकिनाऱ्याकडे गेले, पुष्कळ मेले. राखी बगळ्यांची अशीच उपासमार झाली. जमीन दगडासारखी झाल्याने तिच्यात चोच खुपसून किडे काढणारे पक्षी हताश झाले. टिटवीच्या जातीचे पक्षी थव्याथव्यांनी पश्चिमेकडे, आयर्लंडकडे निघून गेले. परंतु आकडेवारीत सर्वांत मोठा खड्डा पडला तो रेन या पक्ष्याचा. रेन म्हणजे अंगठ्याएवढा, तपकिरी, शेपटी उभी धरून झुडपांच्या बुडाशी उंदरासारखा फिरणारा पक्षी. त्याचे अन्न म्हणजे कोळी आणि बारीक किडे. तो दाणे टिपायला सहसा येत नाही. त्याची सारी झुडपे बर्फाखाली गाडली गेली. काही भागांत दर पाचांपैकी चार रेन नाहीसे झाले.

हे आकडे कळले कसे, हेही सांगितले पाहिजे. योगायोग असा की, ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने देशातील सामान्य पक्ष्यांची नियमित गणना नुकतीच सुरू केली होती. शिक्षक, शेतकरी, कारकून, विद्यार्थी असे हौशी लोक ठरावीक शेते-राने फिरून, कोणता पक्षी कोठे गात आहे, याची खूण नकाशावर करीत. १९६२ च्या वसंत ऋतूतील नकाशे आणि १९६३ च्या वसंत ऋतूतील नकाशे शेजारी शेजारी ठेवताच हिवाळ्याने कोणाला किती गाठले, ते स्पष्ट झाले. ही गणना एक वर्ष उशिरा सुरू झाली असती, तर तुलनेला काहीच उरले नसते. त्यातच एक लक्षणीय गोष्ट दिसली. ब्लू टिट आणि त्याचा थोरला भाऊ ग्रेट टिट, तसेच कस्तूराच्या कुळातील काळा ब्लॅकबर्ड हे पक्षी माणसांच्या बागांत येऊन दाणा खाणारे. त्यांची हानी त्या मानाने पुष्कळच कमी झाली होती.

बागेत येणाऱ्या पाखराला हिवाळ्यात दाणा घालण्याची रीत त्या देशांत जुनी आहे. नॉर्वे आणि स्वीडन येथील शेतकरी नाताळच्या वेळी ओट धान्याची एक भरगच्च पेंढी उंच काठीला बांधून अंगणात उभी करीत. ती केवळ पाखरांसाठी असे. आजही ही प्रथा तेथे आढळते. ओसरीच्या वाशाला चिमण्यांसाठी कणसांची जुडी टांगणारी घरे महाराष्ट्रातल्या खेड्यांतही आहेत; त्यांना ही पेंढी परकी वाटणार नाही. इंग्लंडात १८९०-९१ चा हिवाळा कडक होता, तेव्हा वर्तमानपत्रांनी लोकांना पाखरांसाठी पावाचा चुरा बाहेर ठेवण्याचे आवाहन केले. त्याच दशकात लंडनमधील टेम्स नदीच्या पुलांवर एक वेगळे दृश्य दिसू लागले. समुद्रावरचे कुरव पक्षी थंडीने शहरात शिरले होते. आणि दुपारच्या सुट्टीत कामकरी माणसे व पोरे आपल्या शिदोरीतला उरलेला घास त्यांना देण्यासाठी पुलावर गर्दी करीत. डब्ल्यू. एच. हडसन या निसर्गलेखकाने लंडनच्या पक्ष्यांवरील आपल्या १८९८ च्या पुस्तकात याची नोंद करून ठेवली आहे. त्या माणसांच्या शिदोऱ्या काही मोठ्या नव्हत्या.

आता घास द्यायचा, तो कोणता? येथे चांगल्या मनाबरोबर थोडे ज्ञानही लागते. पावाने पाखराचे पोट भरते, पण त्यात चरबी फार थोडी. थंडीच्या रात्री पोटभर पाव खाल्लेले पाखरू अपुऱ्या तेलाच्या दिव्यासारखे असते. सूर्यफुलाच्या बिया, मीठ न लावलेले शेंगदाणे, जनावराच्या चरबीत धान्य कालवून केलेले गोळे हे त्याचे खरे हिवाळी अन्न. खारट पदार्थ मात्र अगदी वर्ज्य, कारण लहान पाखरांच्या शरीराला मीठ सोसत नाही. (मुंबईच्या किनाऱ्यावर होडीतून फिरणारे लोक कुरवांना शेव-फरसाण टाकतात. हिवाळ्यात तेथे येणाऱ्या कुरवांत लंडनच्या त्या पुलांवरील कुरवांचीही जात असते. माणसांची हौस त्यात भागते. पक्ष्याचे हित होत नाही.) दाणा पहाटे एकदा आणि दिवस मावळण्यापूर्वी एकदा ठेवावा. पहाटे, कारण रात्रीने पाखरू रिकामे झालेले असते; सायंकाळी, कारण पुढे सोळा तासांचा अंधार असतो.

दाण्याहूनही पाण्याचा विसर अधिक पडतो. सगळीकडे पांढरे पाणीच तर पसरलेले आहे, मग तहान कसली, असे वाटते. पण पाखराने बर्फ खाल्ला, तर तो पोटात वितळवण्यासाठी त्याला आपलीच मोलाची ऊब खर्चावी लागते. म्हणून उथळ ताटलीत कोमट पाणी ठेवतात आणि गोठले की बदलतात. त्या पाण्यात पक्षी स्नानही करतात! कडाक्याच्या थंडीत ही आंघोळ पाहून हसू येते. परंतु मळकी पिसे नीट फुलत नाहीत, आणि फुलली नाहीत तर रजईच फाटली म्हणायची.

अशा दाण्याने पाखरे परावलंबी तर होणार नाहीत ना, अशी शंका कित्येक विचारी लोक घेत. आयते मिळू लागले की ती रानात अन्न शोधण्याचे विसरतील, आणि एखाद्या दिवशी घरधनी गावाला गेला की उपाशी मरतील, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे खरे की खोटे, हे केवळ वादाने ठरणारे नव्हते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेम्पल या दोन संशोधकांनी ते पाखरांनाच विचारले. मागे ज्याचा उल्लेख आला, त्या चिकडी पक्ष्यांच्या पायांत त्यांनी खुणेची वाळी घातली आणि कोण जगतो, कोण नाहीसा होतो, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. १९८८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या रानात दाणा ठेवला जाई, तेथील शंभरांपैकी ६९ चिकडी हिवाळा पार करीत. जेथे दाणा नव्हता, तेथे शंभरांपैकी केवळ ३७. हा फरक मुख्यत्वे अतिशय कडक थंडीच्या महिन्यांत पडे. सौम्य हिवाळ्यात दाण्यावाचून फारसे अडत नसे.

पण मूळ शंका राहिलीच होती. तेव्हा त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. एका रानात पंचवीस वर्षे सतत दाणा घातला जात होता. तेथील दाणापात्रे त्यांनी काढून टाकली, आणि ज्या रानात कधीच दाणा घातला गेला नव्हता, तेथील चिकडींशी या पक्ष्यांची तुलना केली. दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात पक्षी जगले! दाणापात्र समोर असतानाही चिकडी आपले बहुतेक अन्न रानातूनच मिळवीत, आणि दाण्यातून त्यांची सुमारे एक पंचमांशच गरज भागे, असेही त्यांना आढळले. पाहुणचार घेऊनही हे पक्षी आपला धंदा विसरले नव्हते.

तरीही दाण्याचा काहीच धोका नाही, असे नव्हे. तो धोका वेगळ्याच बाजूने आला. २००५ सालापासून ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच हे हिरवट, जाड चोचीचे पक्षी दाणापात्रांभोवती मरगळून बसलेले दिसू लागले. त्यांच्या घशात एका सूक्ष्म परजीवी प्राण्यामुळे रोग होत होता. त्यांना गिळता येईना. आजारी पक्ष्याच्या चोचीतून ओला दाणा खाली पडे, तोच दुसरा पक्षी उचली. रानात जे पक्षी दूर दूर विखुरलेले असतात, ते एका ताटलीवर एकत्र आले म्हणजे रोगाला जत्राच सापडते. ग्रीनफिंचची संख्या निम्म्याहून अधिक घटली, आणि २०२१ साली त्याचे नाव अत्यंत चिंताजनक पक्ष्यांच्या यादीत घालावे लागले. उदार हाताने आठवडाभर न धुतलेले भांडे पुढे केले, तर काय होते, याचे हे उदाहरण होय. म्हणून आता जाणते लोक दाणापात्रे दर आठवड्याला घासून वाळवतात, त्यांची जागा बदलतात, शिळा दाणा फेकून देतात, आणि आजारी पक्षी दिसताच काही दिवस दाणा ठेवणे बंद करतात.

आजारी पक्षी दिसला, हे कळण्यासाठी मात्र कोणीतरी पाहत असावे लागते. या पाहण्याला इंग्लंडात मुलांनीच मोठे रूप दिले. १९७९ साली पक्षिसंरक्षणाच्या रॉयल सोसायटीने आपल्या बालसदस्यांना हिवाळ्यातील एक काम सांगितले : खिडकीशी एक तास बसायचे आणि बागेत दिसतील ते पक्षी मोजायचे. काम सोपे वाटते, पण मोजण्यात एक गोम आहे. एकच रॉबिन दाणा घेऊन उडतो, पुन्हा येतो, पुन्हा उडतो. प्रत्येक खेपेस त्याची खूण केली, तर एकाचे दहा व्हायचे. म्हणून नियम असा, की एका जातीचे जास्तीत जास्त किती पक्षी एकाच वेळी दिसले, तेवढाच आकडा लिहायचा. आधी दोन चिमण्या आल्या, मग पाच, मग पुन्हा तीन, तर लिहायचे पाच. हा नियम पाळला की लंडनच्या मुलाचा आकडा आणि स्कॉटलंडच्या आजीबाईचा आकडा एका तागडीत घालता येतो.

मुलांचा तो उपक्रम पुढे मोठ्यांनीही उचलला, आणि आता दर जानेवारीच्या अखेरीस लाखो लोक त्यात भाग घेतात. त्यातून जे कळले, ते आनंदाचेच होते असे नाही. १९७९ साली एका बागेत सरासरी दहा चिमण्या दिसत. आता चारांच्या आसपास दिसतात. ही चिमणी म्हणजे आपल्या घराच्या वळचणीला राहणारी, बाळाच्या घासातली चिमणीच. जात अगदी तीच. एका बागेतल्या चिमण्या कमी झाल्या, तर घरमालकाला वाटते की त्या शेजाऱ्याकडे गेल्या असतील. लाखो बागांचे आकडे एकत्र आल्यावर कळते की त्या शेजाऱ्याकडेही नाहीत.

रेनची कथा अर्धीच राहिली. हा पक्षी दाण्याला फारसा येत नाही, मग त्याच्यासाठी काय करता येते? थंडीच्या सायंकाळी एकटा राहणारा हा भांडखोर पक्षी आपला स्वभाव बाजूला ठेवतो आणि जातभाईंसह एका पोकळीत शिरून अंगाला अंग लावून झोपतो. १९६९ च्या हिवाळ्यात नॉर्फोक परगण्यात घरट्यासाठी टांगलेल्या एका वीतभर लाकडी पेटीत एकामागून एक साठाहून अधिक रेन शिरताना मोजले गेले. तेव्हापासून पुष्कळ लोक घरट्यांच्या पेट्या वसंत सरल्यावर काढून न टाकता, साफ करून हिवाळ्यातही टांगलेल्या ठेवतात; बागेच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा आणि काटक्यांचा ढीग तसाच राहू देतात, म्हणजे त्याखाली कोळी आणि किडे तग धरतात.

१९६३ च्या त्या हिवाळ्यानंतर जे थोडे रेन उरले, त्यांच्या मादीने एका वेळी पाच-सहा अंडी घातली, वर्षातून दोनदा पिले वाढवली. पुढचे हिवाळे सौम्य गेले. दहा-बारा वर्षांत नकाशांवर रेनच्या खुणा पुन्हा दाट झाल्या, आणि आज ब्रिटनमध्ये सर्वाधिक संख्येने घरटी करणारा पक्षी तोच आहे. त्याच्या सुमारे एक कोटी दहा लक्ष जोड्या तेथे राहतात.